नावापुढे काय लावायचं

बाबा वर्तमानपत्र मागून उघडायचे. आधी निधनवार्तांचं पान, मग बाकीचं जग. आमच्याकडे निधनवार्तेत गेलेल्या माणसाबद्दल दोन ओळी असतात आणि मागे राहिलेल्यांबद्दल वीस. अमुक डॉक्टरांचे वडील, तमुक इंजिनिअरचे सासरे, न्यायाधीश फलाण्यांचे मामेभाऊ. प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी असतंच. एखाद्याच्या नावापुढे काही नसलं की बाबांचं बोट तिथे थांबायचं. "याचं काहीतरी बिनसलंय," म्हणायचे, पुदिन्याच्या चहाचा घोट घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे. "माझी बातमी येईल तेव्हा तुझ्या नावापुढे काय लावायचं, तेवढं ठरवून ठेव, रबाब."

हसतच म्हणायचे, पण रोज म्हणायचे.

तसं लावायला माझ्याकडे होतं. मी औषधशास्त्र शिकले, आमच्या तांता शहरातल्याच एका औषधाच्या दुकानात काही वर्षं उभी राहिले. आमच्याकडे औषधवाल्यांनाही डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे गल्लीभर मी डॉक्टर रबाब होते आणि बाबांची मान ताठ होती. मग लिहायचं म्हणून मी ते सोडलं. आता दुपारी पोरांना रसायनशास्त्र शिकवते, सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वांगी बाजूला सारून लिहिते आणि गुरुवारी सांस्कृतिक केंद्रातल्या साहित्य मंडळात जाते. तिथे आम्ही एकमेकांना वाचून दाखवतो आणि हाज बयूमी ऐकतात. हाज बयूमी आयुष्यभर कर खात्यात होते. तेव्हा लोकांच्या खिशातून पैसे काढायचे, आता वाक्यांतून शब्द काढतात. कुणीही काहीही वाचलं तरी ते डोळे मिटून म्हणतात, "छान. यातला एक शब्द काढा." आणि काढल्यावर वाक्य खरंच बरं होतं, याचाच जास्त राग येतो.

वसंतात एका मासिकात माझी कथा छापून आली. बाबांनी ती भिंग लावून वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "टाइप फार बारीक आहे." दुसऱ्या दिवशी स्वतः स्टेशनपर्यंत चालत जाऊन अंकाची आणखी एक प्रत घेऊन आले. कुणासाठी, ते सांगितलं नाही. मी मात्र स्वतःला लेखिका म्हणवून घ्यायला धजले नाही. हाज बयूमींची तीन पुस्तकं निघालीत, तरी ते ओळख करून देताना कर खातंच सांगतात. माझी तर एक कथा.

बाबा पहाटेच्या नमाजाला उठलेच नाहीत. दुपारपर्यंत दफनही झालं. मला रडू येईना. पाणी गरम केलं, खुर्च्या मांडल्या, कुणाला कोरी कॉफी आणि कुणाला पाणी ते पाहिलं. हात आपले आपण काम करत होते. आई कोपऱ्यात बसली होती. पहाटेपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

माझा मोठा भाऊ वजदी महल्ला शहरातल्या कापड गिरणीत इंजिनिअर आहे. तो माझ्यासमोर कागद ठेवून म्हणाला, "तू लिहितेस ना? मग बातमी तूच लिही."

घरात कुणी मला 'तू लिहितेस' म्हणाल्याची ही पहिली वेळ. एरवी मला आनंद झाला असता.

लिहायला बसले तशी फौकियाआत्या शेजारी येऊन बसली. ती बाबांची धाकटी बहीण. तिला आपला ब्रिगेडियर जावई सगळ्यांत वर हवा होता. सख्ख्या मुलाच्याही वर कसा येईल, असं वजदीचं म्हणणं. मग दमनहूरचे चुलते आधी की महल्लाचे वजदीच्या सासरकडचे, यावर दोघांची जुंपली. मी ऐकत होते, नावं वरखाली करत होते. कुणाला दुखवायचं नाही, कुणी सुटता कामा नये. आमच्याकडे निधनवार्तेतून नाव वगळलं म्हणजे माणूसच वगळला. जमिनीवरून भांडलेले भाऊ, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी, असेच गळतात. सगळ्या गावाला ते कळतं.

शेवटी गाडी माझ्यावर आली. वजदी म्हणाला, डॉक्टर लाव, पदवी आहे, खोटं नाही. आत्याचं म्हणणं, लेखिका लावलंस तर लोक विचारतील, काय लिहिलंय, मग काय सांगायचं? मी म्हटलं, माझं शेवटी बघते. वर बाबांचं नाव, उस्ताद शाकिर, आमच्याकडे श्रीयुताला उस्तादच म्हणतात, आणि खाली बाकी सगळा मजकूर स्वच्छ उतरवून काढला आणि कचेरी बंद व्हायच्या आत वर्तमानपत्राच्या शाखेत देऊन आले. खिडकीतल्या माणसाने वाचून पाहिलं. म्हणाला, इतकी नीट लिहिलेली बातमी क्वचित येते.

दुसऱ्या दिवशी बायका सांत्वनाला जमल्या, तेव्हा आत्याने छापून आलेली बातमी मोठ्याने वाचली. ब्रिगेडियरपाशी तिचा आवाज जरा चढला. शेवटपर्यंत आली, पान उलटून मागे पाहिलं, परत पुढे आली.

"पोरी, तू कुठंयस यात?"

मी वर्तमानपत्र हातात घेतलं. चुलते होते, सासरकडचे होते, आत्याच्या नणंदेचा दंतवैद्य मुलगाही होता. मी नव्हते. शेवटी बघते म्हटलं होतं, ते बघायचं राहूनच गेलं होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला त्याचंही काही वाटलं नाही.

बाहेर मांडवात पुरुष बसले होते. थोड्या वेळाने वजदी आत आला, मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. त्याचा चेहरा उतरला होता.

"लोक विचारतायत, बहिणीशी बिनसलं का? घरावरून का? कुणी तोंडावर विचारत नाही, पण विचारतायत. मी काय केलं गं?"

"तू काही नाही केलंस. मी विसरले."

"स्वतःला कोण विसरतं?"

विसरले ते खरं होतं.

चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर छोट्या चौकटीत दुरुस्ती छापतात. बाबांचं हे सगळ्यांत आवडतं सदर. ते म्हणायचे, बातमीत घर नटून बसतं आणि दुरुस्तीत सापडतं. वजदीने पुन्हा कागद आणला. आता एकच नाव आहे, तो म्हणाला, डॉक्टर लाव आणि मोकळी हो. आत्याही आली. तिचंही तेच. दोघं माझ्या हाताकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात दारातून आई बोलली. कालपासूनचं पहिलं बोलणं.

"तिच्या बाबांनी तिला विचारलं होतं. तुम्हाला नाही. तिलाच उत्तर देऊ दे."

मी आधी डॉक्टर लिहिलं. खोडलं. लेखिका लिहिलं. तेही खोडलं. आणि मग वजदीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघून पुढे आणखी एक वाक्य लिहिलं.

खिडकीतला माणूस तोच होता. "नावापुढे काही नाही?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. तसं रिकामं नाव सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण त्याने शिक्का मारला.

सकाळी पानाच्या तळाशी ती चौकट आली: 'उस्ताद शाकिर यांच्या निधनवार्तेत त्यांची मुलगी रबाब हिचं नाव राहून गेलं. ती वार्ता तिनेच लिहिली होती.'

वजदीने ती मांडवात नेली. हातोहात फिरली. म्हातारे मान हलवत होते, एकाने वजदीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याने कितीतरी वेळाने नीट श्वास घेतलेला मी खिडकीतून पाहिला. आत्या म्हणाली, "अख्ख्या पानात नुसत्या नावाची तू एकटीच." ती चिडली होती की नाही, ते कळलं नाही. पण तिने चौकट कापून पर्समध्ये ठेवली. ब्रिगेडियरचं नाव असलेली मोठी बातमी मात्र तशीच टेबलावर राहिली.

दुपारी हाज बयूमींचा फोन आला. गुडघ्यांमुळे येता आलं नाही म्हणाले. रीतीप्रमाणे बाबांसाठी प्रार्थना केली, आईची चौकशी केली.

"ती दुरुस्ती वाचली," ते म्हणाले. "परत वाचली."

"बरं."

"काढायला शब्द सापडला नाही."

मी फोन ठेवला. हाज बयूमी असं म्हणाले, ही काही साधी गोष्ट नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला असं म्हटलं नव्हतं. बाबांना आधी सांगायला हवं, म्हणून मी लगबगीने त्यांच्या खोलीकडे निघाले, आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर थांबले.