लख्ख पातेली

तीस वर्षं मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पथ्याचं जेवण बनवते आहे. आमच्याकडे एक नियम आहे. वॉर्डातून ताट परत आलं की आधी त्यात काय उरलंय ते बघायचं, मग ते घासायला टाकायचं. लहान मुलाचं ताट चाटूनपुसून परत आलं, तर समजायचं की जेवण आईने खाल्लं किंवा खिडकीबाहेर गेलं. एवढं शहाणपण गाठीशी असून मी सख्ख्या बहिणीकडून फसले. तो राग मला अजून गिळता येत नाही.

धाकटीचा मुलगा दहा वर्षांचा. गोलमटोल, म्हणून घरात सगळे त्याला चेंडू म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासून सांगितलं, साखर काठावर आहे. तीन महिन्यांत घरचं खाणं बदला, नाहीतर गोळ्या. धाकटी माझ्या गळ्यात पडून रडली. "ताई, तूच काहीतरी कर. आम्हाला जमत नाही गं." आमच्या आईचा पाय साखरेनेच गेला. तो कापला त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच बसलो होतो. त्यामुळे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

रोज सकाळची पाळी संपली की दोन बस बदलून मी तिच्याकडे जायची. भाज्या, सूप, फळं, सगळं करून ओट्यावर झाकून ठेवायची. धाकटी आणि तिचा नवरा कामावरून आल्यावर तिघांनी ते खायचं, असं ठरलं होतं. चेंडू माझ्याशेजारी वाटाणे सोलत बसायचा. अर्धे पातेल्यात, अर्धे तोंडात. फ्रिजवर मी एक तक्ता लावला होता. जे संपलं त्याच्यापुढे हिरवी खूण.

दुसऱ्या दिवशी पातेली लख्ख घासलेली, तक्ता हिरवागार. सवयीने मी कचऱ्याचा डबाही उघडायची. त्यात फळांची सालं आणि चहाचा चोथा, बस्स. धाकटीचा नवरा छापखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी भेटला की म्हणायचा, "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे!" मी आपली फुगून घरी जायची.

तिसरा महिना संपत आला. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आदल्या दिवशी चेंडूने वाटाणे सोलता सोलता विचारलं, "मावशी, उद्या तक्ता दाखवला की तू यायची बंद होणार?"

"मग काय! तुमचं तुम्हाला जमायला लागलंय की."

त्याने हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.

"मग एक सांगू? पण आईला सांगायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"तुझं जेवण बाबा छापखान्यात नेतात. डबे भरून. तिथल्या काकांना जाम आवडतं. आम्ही पिझ्झा मागवतो, नाहीतर तळलेलं चिकन. खोकी बाबा तिकडेच टाकतात, कारण तू कचरा बघतेस. खुणा आई करते." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आई म्हणते, तक्ता भरला की तुझी कटकट संपेल. पण मला तू यायला हवी आहेस."

तळपायाची आग मस्तकात गेली. छापखान्यातल्यांनी केलेलं कौतुक तो मेहुणा मला पोचवत होता तर! लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय, असं शेजारीण म्हणाली तेव्हा मी तिच्याशी भांडले होते. जेवण गेलं त्याचं एवढं नाही. त्या बाकावर माझा हात धरून बसलेल्या धाकटीने माझा केसाने गळा कापला आणि वर त्याला कटकट म्हणाली. तरी त्या दिवशी मी गप्प राहिले. शब्द दिला होता. शिवाय वाटलं, उद्या डॉक्टरीणबाईंसमोर तिची तिलाच लाज वाटेल.

डॉक्टरीणबाईंनी एका हातात नवा रिपोर्ट धरला, दुसऱ्या हातात तक्ता. "इतकं काटेकोर पाळलंत, तरी साखर वाढलीय. मग खाण्याने भागणार नाही. गोळ्या सुरू करू."

मी धाकटीकडे पाहिलं. आता बोलेल, आता बोलेल. ती पर्सच्या चेनशी खेळत म्हणाली, "दुसरा काही इलाज नाही का?"

"आहे," मी म्हणाले. "खरं बोलायचं." आणि मग सगळं सांगून टाकलं. डबे, खोकी, खुणा, काही लपवून ठेवलं नाही.

धाकटी रडायलाच लागली. "दिवसभर काउंटरवर उभी राहून येते मी, ताई. त्यानंतर ताटावर भांडायचं त्राण नसतं. आणि तुला नाही कोण म्हणू शकतं?" मग एकदम डोळे पुसून तिने चेंडूकडे पाहिलं. "तू सांगितलंस?"

चेंडूचा चेहरा पांढरा पडला. तो माझ्याकडे वळला. मला म्हणाला, "मावशी, तू प्रॉमिस केलं होतंस."

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो मांडीखाली दाबून घेतला.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता बाजूला सारला. "गोळ्या एवढ्यात नकोत. पुन्हा सुरुवात करू. पण या वेळी रोज काय खाल्लं ते मला मुलाकडूनच कळायला हवं. तो घरात कुणाला सगळं खरं सांगतो?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी चेंडूकडे. तो जमिनीकडे बघत होता.

"कुणालाच नाही," तो म्हणाला.