मौनापुढचं नाव

"एवढंच का?" चंपतरावांनी पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच," गिरिधर म्हणाला. "का, काही राहिलं का?"

वाचनालयाच्या बाकांवर शांतता मंडळाची सातआठ माणसं बसली होती. सहा ऑगस्टला चार दिवस उरले होते. हिरोशिमाच्या आठवणीत मंडळ दरवर्षी त्या दिवशी सकाळी सव्वाआठला गांधीबागेत, कापडबाजाराच्या चौकात, मौन पाळत असे, आणि यंदा, १९८३ साली, पहिल्यांदाच कार्यक्रमाचं पत्रक छापलं होतं. अध्यक्ष, दत्तोपंत गुरुजी. संयोजक, प्रा. गिरिधर. शांतिगीत, चारुशीला आणि मैत्रिणी. सतरंज्यांची व्यवस्था, महादेवराव. मधे एक ओळ होती, मौन, दोन मिनिटं. तिच्यापुढे कुणाचंच नाव नव्हतं. सतरंज्या घालणाऱ्याचं होतं.

"मौनापुढं नाव नाही टाकलं तुम्ही, सर."

"मौनापुढं कोणाचं नाव टाकणार, चंपतराव?" गिरिधर हसला. "मौन तर सगळ्यांचंच असतं."

बाकावरची माणसं हसली. दत्तोपंत गुरुजीही हसले, आणि चंपतरावांना लागलं ते त्यांचं हसणं.

चंपतराव भोयर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. नोकरी अशी, की हुद्दा सांगितला तर पुढचा माणूस 'बरं बरं' म्हणून विषय बदलायचा. पण मनगटावरचं घड्याळ मात्र अख्ख्या गांधीबागेत सगळ्यात खरं. रोज दुपारी चारला रेल्वेच्या तारेवरून वेळेचा इशारा यायचा, स्टेशनावरची घड्याळं त्याच्याशी जुळवली जायची आणि तेवढ्यात चंपतराव आपलंही जुळवून घ्यायचे. १९६६ साली गुरुजींनी मंडळ काढलं तेव्हा मौनाला अकरा माणसं जमली होती. जपानात सव्वाआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पावणेपाच असतात, असा एकाने वाद घातला होता. गुरुजी म्हणाले, मेलेल्यांना घड्याळ नसतं, आपण आपल्या सव्वाआठला उभं राहू. मग चंपतरावांकडे वळून म्हणाले, "चंपत, वेळ तू सांभाळ."

नियमही गुरुजींनीच घालून दिला. सगळ्यांनी डोळे मिटायचे. घड्याळ पाहणाऱ्याने एकट्याने उघडे ठेवायचे. दोन मिनिटं झाली की त्याने 'शांती असो' म्हणायचं, आणि तो म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. सतरा वर्षं चंपतराव हे काम करत आले. त्यांनी स्वतः मौन असं कधी पाळलंच नाही, कारण त्यांची नजर सेकंदाच्या काट्यावर असायची. पण ते काम त्यांचं होतं. ऑफिसात त्यांच्या एका शब्दावर कुणी खुर्चीतून उठत नव्हतं, आणि इथे त्यांच्या एका शब्दासाठी माणसं डोळे मिटून थांबायची.

दोन वर्षांपूर्वी हा गिरिधर आला. कॉलेजात शिकवायचा, वय जेमतेम तीस. त्याने शाळाशाळांतून भाषणं दिली, मुलींकडून कागदाचे पक्षी करून घेतले, कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांना अर्धा तास दुकानं उशिरा उघडायला राजी केलं. अकराची पाचशे माणसं झाली. चंपतरावांना याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो होत नव्हता, हे त्यांना चांगलं कळत होतं. गुरुजी आता दर दोन वाक्यांनी "गिरिधरला विचारा" म्हणायचे. आयत्या बिळावर नागोबा, असं चंपतराव मनात म्हणायचे, आणि त्यानेही पोटातलं दुखणं थांबायचं नाही.

त्या दिवशी नंदनवनातल्या घरी पोचले तरी त्यांचं तोंड उतरलेलंच होतं.

"काहून जी, तोंड फुगवून राहिले?" गोपिकाबाईंनी भाकरी ताटात टाकत विचारलं.

"काही नाही."

"काही नाही त पत्रकाकडं काहून पाहून राहिले मघापासून? त्यात का भाजी वाढली हाये?"

चंपतरावांनी पत्रक तिच्यापुढे सरकवलं. गोपिकाबाईंनी ते बोट फिरवून नीट वाचलं.

"तुमचं नाव नाही टाकलं वाटते."

"महादेवरावाचं हाये. सतरंज्या घालते म्हणून."

"मंग त्याची कंबर दुखते सतरंज्या उचलून उचलून. तुमचं का दुखते?"

"तुले नाही समजणार वं," चंपतराव म्हणाले. भाकरी अर्धीच टाकून ते हात धुवायला उठले.

"तुमाले त्या पोराचा हेवा वाटून राहिला," गोपिकाबाई मागून म्हणाल्या. ते खरं होतं; चंपतराव हात धूत राहिले.

सहा तारखेला चंपतराव साडेसातलाच गांधीबागेत पोचले. चिखल तुडवत माणसं येत होती. हमाल कापडाचे गठ्ठे ठेल्यांवर टाकून बाजूला उभे होते. चारुशीलेचं गाणं झालं, गिरिधर थोडंच पण नेटकं बोलला. दत्तोपंत गुरुजी खुर्चीत होते. ऐंशी ओलांडली होती, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, गुडघे कामातून गेले होते. तरी मौनाला ते उभेच राहायचे.

सव्वाआठला एक मिनिट कमी होतं. दर वर्षी या घडीला गुरुजी विचारायचे, "चंपत, किती वाजले?" चंपतराव खुर्चीच्या उजव्या हाताला, नेहमीच्या जागी उभे होते. गुरुजींनी मान डावीकडे वळवली.

"गिरिधर, वेळ झाली का रे?"

गिरिधरने चंपतरावांकडे पाहिलं. चंपतराव काट्याकडे पाहत राहिले. मग गुरुजी गिरिधरच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले.

"मौन," चंपतराव म्हणाले. पाचशे माणसांनी डोळे मिटले.

एक मिनिट झालं. दोन झाली. शब्द ओठांपर्यंत आला, आणि चंपतरावांनी तो गिळला.

राहू दे असंच, त्यांच्या मनात आलं. मौन सगळ्यांचंच आहे ना, मग सगळ्यांनी मिळून संपवा. आता कुणीतरी खोकेल, कुणीतरी डोळे किलकिले करेल, कुजबूज होईल. संयोजक गडबडेल, इकडेतिकडे पाहील. मग कळेल कुणाचं नाव टाकायचं ते.

तिसरं मिनिट गेलं आणि कुणी खोकलं नाही. एक हमाल डोक्यावर गठ्ठा घेऊन रस्त्यातच थांबला होता, त्याचेही डोळे मिटलेले होते. सायकलरिक्षावाला सीटवरून उतरून उभा होता. एका म्हातारीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. चंपतराव गिरिधरकडे बघत होते. त्याच्या कपाळावर घाम होता, पण पापणी हलत नव्हती. चौथंही मिनिट गेलं. एवढी माणसं काही न करता उभी होती, कारण वेळेकडे कुणीतरी पाहतंय अशी त्यांची खात्री होती. चंपतरावांना स्वतःची लाज वाटू लागली, आणि तरी तोंड उघडेना. अजून थोडं, अजून थोडं, असं आतून कुणीतरी म्हणत होतं.

मग त्यांची नजर गुरुजींच्या पायांकडे गेली. धोतराखाली दोन्ही गुडघे लटलट कापत होते. गिरिधरच्या खांद्यावरची बोटं पांढरी पडली होती.

"शांती असो," चंपतराव म्हणाले. आठ वीस झाले होते.

गुरुजी मटकन खुर्चीत बसले. मग माणसं हळू आवाजात एकमेकांशी बोलू लागली. असं मौन आयुष्यात पाळलं नव्हतं, म्हणू लागली. एक वार्ताहर वही काढून गिरिधरकडे आला. पाच मिनिटांच्या मौनाची कल्पना कुणाची, त्याने विचारलं.

गिरिधर क्षणभर गोंधळला. मग चंपतरावांकडे हात करून म्हणाला, "त्यांना विचारा. चंपतराव भोयर. मौन त्यांचं आहे."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. चंपतरावांनी शोधून पाहिली.

"सुचलं तसं," ते वार्ताहराला म्हणाले, आणि तिथून सरकले.

"चंपत, इकडे ये," गुरुजींनी हाक मारली. महादेवराव त्यांच्या पोटऱ्या चोळत होते. गुरुजींनी चाचपून चंपतरावांचा हात धरला. "मिटलेस ना आज डोळे?"

"जी?"

"दोन मिनिटं होऊन गेली हे मला कळलं रे. एवढी वर्षं मोजतोय मीही मनात. म्हटलं, सतरा वर्षं हा एकटा डोळे उघडे ठेवून उभा राहिला, आज त्याचे मिटले असतील. पाय दुखत होते. पण म्हटलं, होऊ दे त्याचं पोटभर." गुरुजी हसले. "बरं वाटलं ना?"

चंपतरावांना सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही.

"हो जी," ते म्हणाले.

पेपरात नाव आलं. गोपिकाबाईंनी कात्रण काढून आरशाच्या कडेला चिकटवलं. चंपतराव दाढी करताना मान तिरपी ठेवू लागले. गुरुजींना भेटून खरं सांगावं असं त्यांनी दिवाळीत ठरवलं, मग संक्रांतीवर ढकललं. पौषात, संक्रांतीच्या आधीच, गुरुजी गेले.

पुढच्या साली पत्रक आलं तेव्हा त्यात ठळक अक्षरांत ओळ होती. मौन, पाच मिनिटं, श्री. चंपतराव भोयर. चंपतरावांनी ती वाचली, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि गिरिधरपुढे ठेवलं.

"यंदा तुम्ही पाहा, सर. काल चारला जुळवलं हाये. बराबर हाये."

"पण पत्रकात तुमचं नाव आहे."

"खोडा थे. मौनापुढं कोणाचं नाव नसते."

काही विचारावं की नाही, गिरिधरला ठरवता आलं नाही. त्याने घड्याळ उचललं.

सहा ऑगस्टला चंपतराव गर्दीत मागे, ठेल्यांच्या बाजूला उभे राहिले. गोपिकाबाई पहिल्यांदाच बरोबर आल्या होत्या. "मौन," गिरिधरचा आवाज आला, आणि चंपतरावांनी डोळे मिटले. आत शांत वगैरे काही नव्हतं. धोतराखालचे दोन गुडघे दिसत होते, आणि सेकंदाचा काटा चालत होता.

दोन मिनिटं भरली तसे त्यांचे ओठ आपोआप हलले. आवाज त्यांनी काढला नाही. अजून तीन मिनिटं होती, आणि ती त्यांनीच वाढवलेली होती. ते उभे राहिले.