न चढलेला घाट

मार्गशीर्षातल्या पहाटे केळीच्या बागांवर धुकं उतरलेलं असे आणि त्या धुक्याच्या पोटातून आधी एक बारीक, अखंड टिकटिक ऐकू येई. पायडल मारायचं थांबवून उतारावर सोडून दिलेल्या सायकलच्या फ्रीव्हीलची टिकटिक. मग हळूहळू धुक्याला आकार फुटे. रुंद खांदे, पुढे झुकलेली मान, गळ्याभोवती ओला पंचा, श्वासाची पांढरी वाफ. साठ-सत्तर किलोमीटरची फेरी संपवून माझे यजमान घरी येत. सायकल भिंतीला टेकवत, तिच्या सीटवरून एकदा तळवा फिरवत आणि त्यानंतर माझ्याकडे पाहत. हा क्रम दोन वर्षांत एकदाही चुकला नाही.

वरणगावच्या कारखान्यात ते फिटर होते. सगळे त्यांना सुपडूभाऊ म्हणत. मी जळगावची, शाळेत मराठी शिकवणारी, शब्दांवर जगणारी. ते शिरपूरच्या पलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले. बोलणं त्यांना हत्यारांसारखं वाटे. लागेल तेवढं काढायचं, काम झालं की पुसून परत पेटीत ठेवायचं. घरात माझ्याशी प्रमाण मराठी बोलत, पण आतून काही हललं की त्यांच्या तोंडी आपोआप अहिराणी येई, जशी पाणी ओसरल्यावर नदीची मूळ वाळू दिसावी.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता तो. धुळ्याच्या काही हौशी मंडळींनी शहाद्याहून तोरणमाळपर्यंत आणि परत अशी सायकल शर्यत सुरू केली होती. तोरणमाळचा घाट तेव्हा खडीचा, अरुंद, वळणावळणाचा. पहिल्या वर्षी हे नुसते पाहायला गेले आणि परतले ते कुणी वेगळेच होऊन. वय एक्केचाळीस. शर्यतीत उतरणार म्हटल्यावर मी हसले, तेव्हा म्हणाले, "पोटासाठी डोंगर सोडून सपाटीला आलो. एकदा स्वतःच्या पायांच्या जोरावर वर जाऊन यायचंय. बस."

मग घराचे ऋतू बदलले. साध्या काळ्या सायकलचे मडगार्ड निघाले, स्टँड निघाला, मागे मोठ्या दात्यांचं फ्रीव्हील बसलं. रविवारी अंगणात पोतं पसरून ते चाकांतले छर्रे रॉकेलमध्ये धूत. उन्हात ठेवलेले ते इवले गोळे असे चमकत की एखाद्या नववधूचे मोती वाळत घातलेत असं वाटावं. चढाची सवय व्हावी म्हणून कॅरिअरवर वाळूचं पोतं बांधून ते निघत. वैशाखात, जेव्हा खानदेशातली दुपार तापल्या तव्यासारखी होते आणि रस्त्यावरचं डांबर टायरला चिकटून चरचरतं, तेव्हाही त्यांनी खंड पडू दिला नाही. सकाळी भिजवलेले हरभरे, दोन केळी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दुसऱ्या वर्षी शर्यत आली तेव्हा म्हणाले, "अजून नाही." आणि आणखी एक वर्ष स्वतःला घासत राहिले.

खरं सांगते, मला त्या डोंगराचा मत्सर वाटू लागला होता. त्यांच्या डोळ्यांत उत्तरेकडचं एक निळं अंतर कायमचं वस्तीला आलं होतं आणि त्या अंतरात माझ्यासाठी जागा नव्हती. ताट वाढताना, दिवा लावताना, शेजारी बसूनही मी सपाटीवर होते आणि ते कुठल्यातरी वळणावर.

तिसऱ्या वर्षी, शर्यतीच्या महिनाभर आधी, सातपुड्यातल्या पाल गावच्या घाटात सरावाला निघाले तेव्हा मीही एसटीनं गेले. चढाच्या माथ्यावर पाण्याची कळशी घेऊन सागाच्या सावलीत बसले. वाळलेली मोठी पानं एकेक करून गळत होती, आणि प्रत्येक पानाच्या आवाजानं मला ते आल्याचा भास होत होता. शेवटी ते दिसले. शेवटच्या वळणावर सायकल डगमगली. ते उतरले, मैलाच्या दगडाला टेकून बसले, आणि उजवा हात छातीच्या डाव्या अंगाला गेला. मी धावत पोहोचले तोवर ओठ काळेनिळे झाले होते आणि डोळ्यांची बुबुळं वर गेली होती. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मी तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून ते ओशाळल्यासारखे हसले.

"माले काही व्हयेल नई," म्हणाले. मग माझं मनगट धरून, "कोनले सांगू नको."

मी मान हलवली. वचन दिलं असंच म्हणायला हवं.

शर्यतीच्या दोन दिवस आधी धुळ्यात सगळ्या स्पर्धकांची तपासणी होती. मी बरोबर होते. एका शाळेच्या व्हरांड्यात पोरसवदा, तुकतुकीत कांतीचे सायकलपटू रांगेत उभे होते आणि त्यांच्यात हे, कानशिलांवर पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलासारखे ताठ. इतकं आनंदी मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांची पाळी यायला अवकाश होता. मी उठले, मागच्या दारानं आत गेले आणि डॉक्टरांना पालच्या घाटातलं सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, हे ऐकल्यावर मी सही करू शकत नाही. तुम्हाला चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. तो शब्द उच्चारायला मला जराही कष्ट पडले नाहीत, हे आजही आठवतं.

सही न झालेला कागद घेऊन ते डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातलं ऊन त्यांच्या पायांशी येऊन थांबलं होतं. त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस?"

"हो. मला भीती वाटली हो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी आयुष्यभर त्या रागाशी भांडत तरी बसले असते. त्यांनी फक्त मान डोलावली आणि एसटीच्या टपावर सायकल चढवली. आठवड्यानं सायकल गावाकडे धाकट्या भावाला देऊन आले. पुढच्या महिन्यात जळगावला जाऊन छातीची पूर्ण तपासणी करून घेतली. हृदय निर्दोष होतं. अंगातलं पाणी आटल्यानं चक्कर आली असावी, असा डॉक्टरांचा अभिप्राय. तो कागद त्यांनी माझ्या टेबलावर, तपासायच्या उत्तरपत्रिकांवर ठेवला. हातातलं लाल पेन तसंच धरून मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

त्यानंतर आम्ही नऊ वर्षं एकत्र जगलो. पिंप्राळ्यात घर घेतलं. ते बाजारातून भाजी आणत, माझा चष्मा दुरुस्त करून आणत, सणाला माझ्यासाठी साडीही निवडत. कुठेही बोट दाखवावं असं काही नव्हतं. फक्त एक दार त्यांनी आतून लावून घेतलं, इतक्या हलक्या हातानं की कडीचा आवाजही झाला नाही. दुखलं-खुपलं काही असलं तर ते मला सांगेनासे झाले. बोट कापलं तरी मूठ मिटून घरात येत. ताप आला तरी अंघोळ करून कामावर जात. मी विचारलं की म्हणत, "काही नाही."

शेवटच्या वर्षी त्यांचे सदरे सैल होत गेले. भाकरी अर्धी होत गेली. मी विचारत राहिले आणि ते तेच उत्तर देत राहिले. कारखान्यात उभ्या उभ्या रक्ताची उलटी झाली तेव्हा सोबत्यांनी दवाखान्यात नेलं. पोटातली गाठ पसरली होती. तरुण डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, "वर्षभर दुखत असणार! घरात कुणालाच सांगितलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दृष्टीत आरोप नव्हता, सूडही नव्हता. सांगितलेलं मी स्वतःजवळ ठेवत नाही हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच तिच्यात होतं. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "मला तरी सांगायचं होतं हो."

ते हळूच, गावच्या बोलीत म्हणाले, "सांगीसन काय व्हतं? तू थांबाडी देती." म्हणजे मी त्यांना थांबवलंच असतं.

पंधरा दिवसांत ते गेले.

लोक म्हणतात, तुम्ही त्या वेळी अडवलं म्हणून नऊ वर्षं तरी लाभली. लोकांना तो कागद माहीत नाही. मी जे वाचवलं असं मला वाटलं, ते तसंही धोक्यात नव्हतं. आणि जे खरोखर धोक्यात होतं, तो माझ्या शेजारी बसून रोज जेवणाऱ्या माणसाचा माझ्यावरचा विश्वास होता. गेलेलं माणूस काळाबरोबर धूसर होतं म्हणतात. माझ्या बाबतीत काळानं उलटंच केलं. ते असताना जे मला दिसलं नाही, ते दरवर्षी थोडं अधिक स्पष्ट दिसतं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस मात्र तेवढाच दूर जात राहतो.