नजरचुकीनं राहिलेलं नाव

आमच्या गुलाबबागेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण समितीत शुद्ध लिहिणारा मी एकटा. सदतीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली अकरा दौंडला, बाकीची शिरूरला. ऱ्हस्वदीर्घाची चूक माझ्या हातून होत नाही. दुसऱ्या होतात, त्यातली एक सांगतो.

घोड नदीच्या कडेला लोक कचरा टाकायचे, तिथं आम्ही सातजण दर रविवारी सकाळी फावडी घेऊन जायला लागलो. येणारेजाणारे हसायचे. म्हाताऱ्यांना खूळ लागलंय म्हणायचे, आणि लागलंच होतं. बाजारातले बिनवासाचे गुलाब आम्हाला नको होते. जुन्या घरांच्या परसात असायचा तो गावठी गुलाब पाहिजे होता. त्यापायी आम्ही शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके पालथे घातले. दोन वर्षांत बेचाळीस गुलाब जमले, पण त्यांची नावं कुणाला माहीत? म्हणून बैठकीत नियम झाला, तोही मीच सुचवला. ज्या घरातनं फांदी आली त्या घरच्या बाईचं नाव गुलाबाला द्यायचं, कारण पाणी तिनंच घातलेलं असतं. न्हावऱ्याच्या पार्वतीबाईंचा तो 'पार्वती', खुटबावच्या कस्तुराबाईंचा तो 'कस्तुरा'. या नियमाचं फार कौतुक झालं आणि मी ते पोटभर मिरवून घेतलं.

दौंडचा गुलाब मिळाला सोजरबाईंच्या दारात. त्यांचे मालक कोंडिबा रेल्वेच्या साहेबलोकांच्या बंगल्यांवर माळीकाम करायचे. जुने बंगले पाडायला काढले, तेव्हा त्यांनी एक फांदी घरी आणून लावली. पुढं कोंडिबा वारले. भीमनगरातल्या अरुंद बोळात, नळाला दिवसाआड पाणी येत असताना, बाईंनी ते झाड जगवलं. फिकट गुलाबी फूल, पाकळ्या गच्च, वास पार बोळाच्या तोंडापर्यंत. त्यांचा महेंद्र माझा विद्यार्थी. बाईंनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि तीन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या.

"माझं नाव पाटीवर लिवणार म्हंता, तर नीट लिवा सर," त्या म्हणाल्या. "सोजर. लोक सोजळ करत्यात."

तिन्ही फांद्या जगल्या. रिकामी जागा होती तिसऱ्या वाफ्यात, 'कस्तुरा'च्या शेजारी. कस्तुराबाई म्हणजे आमचे अध्यक्ष पोपटराव, त्यांच्या आई. पाट्या रंगवायला द्यायच्या आधी मी यादी वाचून दाखवली. सोजरबाईंचं नाव आलं तसं पोपटरावांनी विचारलं, "ह्या कुठल्या?"

"दौंडच्या. भीमनगर."

"बरं बरं. आईच्या शेजारीच येतंय व्हय? बघा जरा."

एवढंच. मला कुणी दम दिला नाही, नाव खोडा म्हणून कुणी सांगितलं नाही. बौद्ध बाईचं नाव, शेजारी अध्यक्षांच्या आईचं नाव, हे माझ्याच डोक्यात आलं. मीच खिशातनं पेन काढलं, 'सोजर' खोडलं आणि वर 'दौंड रेल्वे' लिहिलं. मनाची समजूत घातली, की झाड मुळात रेल्वेचंच आहे, खोटं कुठं लिहिलंय? एकेचाळीस बायका आणि एक रेल्वे. समितीत कुणी ब्र काढला नाही. आठ वर्षं ती पाटी तशीच राहिली.

गेल्या जानेवारीत सोजरबाई बागेत आल्या. बोळात गटाराचं काम निघालं, त्यात त्यांचं झाड गेलं होतं. फांदी मागायला नातीला घेऊन एसटीनं आल्या. नात तेजश्री रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे, तिच्या नजरेतनं काही सुटत नाही.

"जय भीम, सर," बाई म्हणाल्या.

"या, या," मी म्हणालो. माझा विचार असा, की सरळ नदीच्या अंगाला न्यायचं, बाकावर बसवायचं, फांदी हातात द्यायची आणि चहा पाजून वाटेला लावायचं. पण बाईंना वाचता येतं. चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गाला बसून शिकल्यात त्या, आणि शिकलेलं वाया घालवत नाहीत. पहिल्या वाफ्यापासून एकेका पाटीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या. "पार्वती, न्हावरा. चांगलं हाय." दोन पावलं पुढं, पुन्हा बोट. एक पाटी सोडतील तर शपथ. मी त्यांच्या मागं. पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं.

तिसऱ्या वाफ्यात 'कस्तुरा' वाचून त्या पुढं झाल्या. फूल हातात धरलं, वास घेतला आणि हसल्या. झाड ओळखलं त्यांनी. मग पाटी वाचली, आधी मनात, मग मोठ्यानं.

"दौंड रेल्वे."

तेजश्री म्हणाली, "बाकी सगळ्या बायकांची नावं आहेत, सर."

"थांब गं," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "सर, नाव इसरलं व्हतं का?"

त्यांनीच मला वाट काढून दिली. खरं सांगतो, त्या वेळी मला लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, ती अजून गेलेली नाही.

"हो, नजरचुकीनं राहिलं," मी म्हणालो. "वय झालं आता." पाटी रंगवली तेव्हा मी एकसष्टचा होतो आणि जुन्या वर्गांचे हजेरीपट मला तोंडपाठ होते.

"व्हतंय असं," बाई म्हणाल्या. तेजश्री माझ्याकडं बघत राहिली. मी फांदी कापायला वाकलो आणि लागतो त्यापेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो.

त्याच आठवड्यात पोपटरावांकडं गेलो. पाटी बदलायची, 'सोजर' लिहायचं, तुमच्या आईंच्या शेजारीच, असं तोंडावर सांगायचं आणि वेळ आली तर भांडायचं, असं ठरवून गेलो होतो. ते जेवत होते.

"मग लिवा की," ते म्हणाले. "मी कवा न्हाई म्हणलं?"

"तेव्हा तुम्ही म्हणालात, बघा जरा."

त्यांना आठवेना. भाकरीचा तुकडा हातात धरून विचार करत बसले. "आवं, झाडं लई जवळजवळ येत्यात म्हणून म्हणलं असंल. अंतर बघा म्हणून."

खरं का खोटं, त्यांचं त्यांना माहीत. पण ते खरं असेल, तर बोट दाखवायला माझ्याकडं दुसरा माणूसच उरत नाही.

बागेच्या दहाव्या वाढदिवसाला नवी पाटी लावली. पुस्तिकेत मी लिहिलं, 'सोजर या गुलाबाचे नाव काही काळ नजरचुकीने राहून गेले होते.' व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य निर्दोष आहे. सोजरबाईंना शाल दिली, फूल दिलं आणि बोला म्हणून माईक दिला. मला वाटलं, दोन वाक्यं बोलून बसतील.

"माझी नात म्हंती, आजी, त्यांनी तुझं नाव मुद्दाम गाळलं," बाई म्हणाल्या. "वस्तीतली चार माणसं बी तेच म्हणली. जाऊ नको म्हणली. मी म्हणलं, न्हाई. मी सरांना समोर उभं राहून इचारलंय. ते म्हणले, नजरचुकीनं राहिलं. माझ्या महेंद्रला कॉपी करताना धरला व्हता यांनी, तवा मारलं न्हाई. म्हणले, नापास हो, पण खोटं लिवू नको. आसला माणूस माझ्याशी खोटं बोलंल का?"

टाळ्या पडल्या. पोपटरावही वाजवत होते. तेजश्री तिसऱ्या रांगेत होती, तिचे हात मांडीवर होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

मग निवेदकानं माझं नाव घेतलं, सोपानराव सरांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो, माईक हातात घेतला. दोनच शब्द बोलायचे होते, 'आठवत होतं.' समोर दोनशे माणसं. बाई मान वर करून माझ्याकडं बघत होत्या. मी तोंड उघडलं.

"आभारी आहे," म्हणालो आणि खाली बसलो.

बाईंनी पिशवीतनं आपली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून माझ्यापुढं धरली. "घ्या सर," त्या हळूच म्हणाल्या, "घसा भरून आलाय तुमचा."

मी बाटली घेतली आणि पाणी प्यालो.