हंड्यातलं पाणी

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसवर गेला. नेमका त्याच आठवड्यात रोनक धुळ्याच्या दुकानावर अडकला आणि त्याची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आईच्या, राजकुंवरबाईंच्या गळ्यात पडली.

मेहरूण भागातल्या घरात हा समुद्र आणायला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. जीव काचेत कोंडायचे आणि मेले तर पाप घराला. पण जीव आता आलेच होते: दोन केशरी मासे, पाच गोगलगाई, लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या आणि खडकाला धरून फुलासारखा डोलणारा एक प्राणी. शनिवारी रोनक येईपर्यंत यातला एकही आपल्या हातून जाऊ द्यायचा नाही, असा नियम त्यांनी सामायिकाचं ध्यान झाल्यावर मनाशी घेतला.

पाणी गार करायचं यंत्र टाकीहून महाग. म्हणून रोनकने कॉम्प्युटरचे दोन जुने पंखे पाण्यावर तिरपे बसवले होते. वाऱ्याने पाणी वाफ होऊन उडायचं आणि उडता उडता टाकी दोन-तीन अंशांनी उतरायची. मीठ मात्र मागेच राहायचं, म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज भरायचं. दुपारी बर्फ झालेली बंद बाटली आत तरंगत सोडायची. "माणसांना एक कूलर अन् माशांना दोन पंखे," असं म्हणून सून विधी हसायची. ती सध्या माहेरी होती.

गोड्या पाण्याचे दोन कॅन रोनक भरून ठेवून गेला होता. राजकुंवरबाईंचा हात तिकडे वळेना. कच्चं पाणी त्यांनी कित्येक वर्षांत तोंडाला लावलं नव्हतं. रोज पहाटे उकळायचं, परातीत निववायचं, तांब्याच्या हंड्यात भरायचं. जे आपण पीत नाही ते मुक्या जिवांना कसं घालायचं? त्यांनी हंड्यातलंच पाणी फडक्यातून पुन्हा गाळलं आणि नवकार मंत्र म्हणत टाकीत सोडलं. सोमवारी दोन लिटर, मंगळवारी उकाडा वाढला तसं तीन.

बुधवारी सकाळी तीन गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत पडल्या होत्या. तापमानाच्या काट्यावर सत्तावीस, म्हणजे हवं तेवढंच. मासे खुशाल फिरत होते. बाईंना वाटलं, उन्हाचाच तडाखा. त्यांनी एक बाटली जास्त सोडली, पाणीही थोडं जास्त घातलं.

गुरुवारी एक कोळंबी पाठीवर पडून पाय झाडत होती. दुपारपर्यंत तेही थांबलं. भांडी घासायला आलेली पिंपळनेरची कमलबाई काचेला बोट लावून बघत राहिली.

"बाई, पाणी ते थंडं शे, मंग हाई काबर मरी ऱ्हायनं?"

राजकुंवरबाईंनी त्या जिवाची हात जोडून क्षमा मागितली आणि पाणी गार असून हे का मरतंय, ते विचारायला रोनकला फोन लावला. त्याने पारा विचारला, मीठ विचारलं, दिवा किती तास लावते ते विचारलं. सगळं बरोबर होतं.

"पाणी कॅनमधलंच घालतेस ना, मम्मी?"

"नाही रे. आपलं उकळलेलं. हंड्यातलं."



"तांब्याच्या?"

"हो."

"मासे तगतात, पण गोगलगाई-कोळंब्यांना तांबं विष असतं," रोनक हळूच म्हणाला. "थोडं थोडं पाण्यात उतरतं. पंख्याने पाणी उडतं, तांबं उडत नाही. मागेच राहतं."

आता एक थेंबही घालू नकोस, मी निघालोच, पाणी बदलू, असं तो सांगत होता. धुळ्याहून यायला दोन तास तरी लागणार होते. फोन ठेवून बाई वळल्या, तर फुलासारखा तो प्राणी खडकावरून सुटला होता. मिटलेली मूठ पाण्यात वाहावी तसा तो पंपाच्या जाळीकडे ओढला जात होता.

त्यांनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. तो धडधाकट असला की बोटालाही चिकटतो, असं रोनक कौतुकाने सांगायचा. बाईंनी त्याला तळहातावर घेतलं, जाळीपासून दूर धरलं आणि वाट बघितली. चिकटला नाही. हात हलवला की तोही नुसता हलायचा.

दुसरी कोळंबी कुठे आहे, ते बघायचं त्यांना धाडस होईना. हात तसाच पाण्यात धरून त्या उभ्या राहिल्या. पाणी अगदी हवं तेवढं गार होतं.