डाव्या तोंडाचा शंख

"बाई, हा एक उलटा आहे."

"तुम्ही उलटा धरला असेल, मामा."

"अहो, कसाही धरला तरी उलटाच राहतोय. बघा तरी."

मामांनी ट्रेमधला शंख उचलून बाईंच्या तळहातावर ठेवला. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा रिकामी करायचं काम दोन दिवस चाललं होतं. यापुढे नमुने पडद्यावर दिसतील, असं नव्या विभागप्रमुखांनी ठरवलं होतं. बरण्या, हाडं, शंख सगळं उद्या सकाळच्या टेम्पोत. प्रात्यक्षिकं घेणाऱ्या बाई आणि प्रयोगशाळेचे शिपाई मामा, दोघं अठ्ठावीस वर्षांचा पसारा खोक्यांत भरत होते.

बाईंनी शंख शिकवतात तसा धरला. टोक वर, तोंड आपल्याकडे. गोगलगाईच्या शंखाचं तोंड असं धरलं की उजवीकडे येतं. हजारांत एखाद्याचंच डावीकडे. बाईंनी हे वाचलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं.

या शंखाचं तोंड डावीकडे होतं. आणि ओठाच्या खालच्या कडेचा एक त्रिकोणी टवका उडालेला होता.

तो टवका दिसला आणि बाई स्टूल ओढून बसल्या.

"मामा, कपाटातून माझा निबंध काढा."

"आता? तो खोक्यात गेला."

"खोकं उघडा."

गोष्ट अशी होती. पाठ्यपुस्तकात शंखाचं चित्र उलटं, तोंड डावीकडे असं छापलेलं होतं. छापखान्याची चूक. पुस्तक पुन्हा पुन्हा निघालं, चूक तशीच राहिली. मुलं टेबलावर खरा शंख ठेवायची आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पुस्तकातलं चित्र वहीत उतरवायची. प्राध्यापक खाली सही ठोकायचे, कारण शंख त्यांनीही पाहिलेला नसायचा. मोठमोठ्या पदव्यांची माणसं डोळ्यांवर कातडं ओढून बसली होती आणि त्याला विज्ञान म्हणत होती.

एकट्या बाई भांडल्या. डाव्या तोंडाचं चित्र दिसलं की लाल पेन्सिलीनं फुली. मुलांनी नाव ठेवलं फुलीबाई. वरिष्ठ म्हणायचे, "अहो, डावं काय, उजवं काय, गोगलगाय काही तक्रार करणार आहे का?" बाई हसत नसत. दर वर्षी नवी तुकडी आली की त्या एकेक चेहरा न्याहाळायच्या. यातला एक तरी बघणारा निघू दे. एकच. बाकी आयुष्याकडे त्यांनी काही मागितलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं वही पुढे केली. शंखाचं तोंड डावीकडे. बाईंनी फुली मारली.

"पुस्तक मिट आणि बघून काढ."

"बघूनच काढलंय, बाई."

"मला शिकवू नकोस. पुन्हा काढ."

"पण तो असाच आहे."

तीन वेळा वही आली, तीन वेळा तेच चित्र. चौथ्यांदा मुलगी आली नाही. बाईंनी सही केली नाही. सही नाही म्हणून परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणून वर्ष गेलं, आणि वर्ष गेल्यावर घरच्यांनी तिचं नाव काढून घेतलं. वही प्रयोगशाळेतच राहिली. पुढे बाईंनी 'पाहण्याचं शिक्षण' असा निबंध लिहिला, तो परिषदेत वाचला, त्यावर त्यांची नोकरी कायम झाली. त्यात त्या मुलीनं काढलेलं चित्र छापलं होतं. आकृती तीन: न पाहता काढलेलं चित्र.

मामांनी निबंध आणून दिला. बाईंनी तिसरी आकृती उघडून शेजारी शंख ठेवला. चित्रात ओठाच्या खालच्या कडेला त्रिकोणी टवका होता. पुस्तकातल्या शंखाला टवका नव्हता. जगातल्या कुठल्याच पुस्तकातल्या शंखाला तो नव्हता. बावीस वर्षं हे चित्र त्यांनी परिषदांतून दाखवलं, वर्गात भिंतीवर लावलं. बघितलं आज.

आणि तेव्हा हा शंख त्यांच्यापासून चार पावलांवर होता.

"ती मुलगी कुठे असते हो, मामा?"

"ती होय. मंडईमागे कपडे शिवते. माझी सून तिच्याकडेच टाकते."

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत?"

संध्याकाळी बाई मंडईमागे गेल्या. दुकान म्हणजे एक टेबल, दोन मशीन आणि भिंतीला टांगलेले, कपडे बेतायचे कागदी साचे. टेबलामागची ती मुलगी आता चाळिशीची होती. तिनं वर पाहिलं आणि लगेच ओळखलं. "या बाई. मापाला आलात?"

बाईंनी मूठ उघडून शंख टेबलावर ठेवला.

तिनं शंख उचलला. टोक वर, तोंड आपल्याकडे. अंगठा थेट टवक्यावर गेला.

"हाच," ती म्हणाली.

"माझं चुकलं."

"हो."

मशीनवर बसलेल्या पोरीनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. जुन्या विद्यार्थिनीनं खडू उचलून समोरच्या कापडावर गळ्याची गोलाई ओढली. एका झटक्यात, न थांबता. बाई बघत राहिल्या. असा हात त्यांच्या कुठल्याच तुकडीत परत आला नव्हता.

"अजून चित्रं काढतेस?"

"रेघा मारते. मारल्या की कापायच्या."

"हा शंख तू ठेव."

"नको. नमुना प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही, तुम्हीच सांगायचात." तिनं शंख बाईंच्या हातात परत दिला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना उभं राहायला काहीतरी मिळालं असतं. "बाई, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत बरण्या नव्हत्या. टेबलं होती, भिंतीवर तक्त्यांच्या जागी फिकट चौकोन होते. बाईंनी खिडकीत शंख ठेवला, जुनी कोरी वही उघडली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हजारो चित्रं तपासली होती. स्वतः एकही काढलं नव्हतं.

मामा दारात आले. टेम्पो खाली उभा होता, ते सांगायला. वही बघून चौकटीला टेकून उभे राहिले.

बाईंनी पेन्सिल टेकवली. टोक, पहिला वेढा, दुसरा वेढा, मग तोंड. हात सवयीनं उजवीकडे वळला.

त्या थांबल्या. शंखाकडे बघितलं. मग रबर घेतलं.