धानाच्या लोंब्यांचं तोरण

विनायकरावांची सगळी हयात हिंदी मुलखात, बरखेड्याच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. बिघडलेली असो की धडधाकट, वस्तू उघडून पाहिल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. घरचा मिक्सर, भिंतीवरची घड्याळं, शेजाऱ्यांचे कूलर, कुणाचीच त्यांच्या हातून सुटका झाली नाही. बायको दर दिवाळीला विणायची त्या तोरणाच्या वाटेला मात्र ते कधी गेले नव्हते.

प्रमिलाबाई भंडाऱ्याकडच्या. दसरा झाला की रायसेनहून येणाऱ्या भाजीवाल्याकडून त्या धानाच्या लोंब्यांची पेंढी मागवायच्या, काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायच्या आणि क्वार्टरच्या ओट्यावर विणायला बसायच्या. विनायकरावांचं काम एवढंच, की स्टुलावर चढून तोरण खिळ्याला अडकवायचं. भाऊबीजेपर्यंत चिमण्या त्यातल्या दाण्यांचा फडशा पाडायच्या, आणि प्रमिलाबाईंना त्याचंच कोण कौतुक! फार सुखाचे दिवस होते ते.

गेल्या वर्षी दिवाळी झालीच नाही; प्रमिलाबाई नुकत्याच गेल्या होत्या. यंदा वर्षश्राद्ध झालं, आणि अयोध्या नगरातल्या नव्या फ्लॅटच्या दारालाही तोरण हवंच, असं विनायकरावांनी मनावर घेतलं. पेंढी आणली. पण विणायचं कसं? ते त्यांनी जन्मात कधी विचारलं नव्हतं. उशीच्या अभ्र्यात तिचं दोन वर्षांपूर्वीचं, शेवटचं तोरण जपून ठेवलेलं होतं. दाणे चिमण्यांनी नेलेले, वीण शाबूत. ते उघडून पाहायचं त्यांनी ठरवलं.

त्यांची मुलगी तन्वी ओरडलीच. “बाबा, रहने दो ना! आईच्या हातचं एवढंच उरलंय. आपण बाजारातून आणू एखादं.”

“बाजारातलं तिला चाललं असतं?”

तन्वी पहाऱ्याला बसावं तशी समोर बसून राहिली.

विनायकरावांनी तोरण भिजवलं आणि शेवटची गाठ सोडली. जरा ओढलं की काड्या मोकळ्या होत होत्या. “सोपं आहे की!” ते खुशीत म्हणाले. एक काडी वरून, दोन खालून, मग वळसा. डोक्यात बसत गेलं. वीतभर सुटल्यावर मात्र काडी हलेना. तिथून मागची सगळी वीण इतकी आवळलेली होती, की नखसुद्धा शिरत नव्हतं.

त्यांनी सुटलेल्या काड्यांकडे पाहिलं. मग ती घट्ट वीण चाचपली.

“तन्वी, ही शेवटची वीतभर वीणच तेवढी सैल आहे. तेव्हाच तिच्या हातातलं बळ गेलं होतं गं. मीच टांगलं होतं हे. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय म्हणून सांगायचो मी, आणि...”

“तिने कुणालाच कळू दिलं नाही, बाबा.” तन्वीचे डोळे भरून आले होते. तिने भीत भीत विचारलं, “आता पुढचंही उघडणार?”

“नाही. आता येतं मला.”

त्यांनी पेंढीतल्या नव्या काड्या घेतल्या, प्रमिलाबाईंचे हात जिथे थकले होते तिथे खोवल्या आणि पुढे विणायला लागले. पहिल्याच वळशाला नवी काडी सुटू लागली, तेव्हा तन्वीने ते टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं.